काटा तोच, माणूस उणा

गेल्या आठवड्यात फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायचा, हात कसा जपायचा ते पाहिलं. आज बाकीच्या देहाकडे वळू.

डायलिसिस केंद्रात शिरल्यावर पेशंट आधी वजनकाट्यावर चढतो. मागच्या वेळी मशीनवरून उठताना किती भरलं होतं, आज किती भरलं, आणि ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, जे जास्त ते पाणी, तेवढं काढायचं. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक मेख आहे. दोन-तीन महिन्यांत मांड्या-दंडांचं मांस दीड किलोनं झिजलं आणि तेवढंच पाणी अंगात जादा मुरलं, तर काटा जिथल्या तिथे. कागदावर सगळं ठीक. घरी मात्र पायजम्याची नाडी दिवसेंदिवस आवळावी लागते, बांगड्या सैल होऊन कोपराकडे सरकतात, संध्याकाळी पाय सुजतात आणि आडवं पडलं की धाप लागते. ड्राय वेट एकदा ठरवून वर्षभर तसंच ठेवायची गोष्ट नाही, ती एवढ्यासाठी.

या झिजेतून येणाऱ्या दुबळेपणाला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. 2001 साली अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यातल्या तीन असल्या की माणूस त्या गटात गेला. डायलिसिसवाल्यांत पहिली खूण पाण्याआड लपते, दुसरी ‘एवढं तर व्हायचंच’ म्हणून सोडून दिली जाते. 2007 साली अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त डायलिसिस पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार दर तिघांतले दोघं दुबळे निघाले, आणि त्यात तरणे लोकही होते. तेव्हा ही निव्वळ म्हातारपणाची बाब नाही.

मांस झिजतं कशानं? रक्तातलं आम्ल वाढतं, अंगात सूज धुमसत राहते, तोंडाची चव जाते. त्यात दर डायलिसिसला फिल्टरमधून काही ग्रॅम अमायनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचा कच्चा माल, वाहून जातात. पण आपल्याकडे सगळ्यात घात करतं ते जुनं पथ्य. मशीन लागण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, डाळ कमी, अंडी-मटण कमी. तेव्हा ते बरोबरच होतं. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो: किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. पन्नास किलोच्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम. घरात मात्र पहिली चिठ्ठीच अजून चालू असते. सूनबाई बिचारी काळजीनं आमटीचं नुसतं पाणी वाढते, आणि मामंजी भाकरीचा चतकोर कुस्करून उठतात. अंड्याचा पांढरा बलक अशा पेशंटला उत्तम, त्यात फॉस्फरस नगण्य. भिगवणकडचा चिलापी मासाही चालतो. माळकरी असेल तर मूगडाळ, थोडं पनीर. मात्र पोटॅशियम-फॉस्फरसचे रिपोर्ट पाहून, डॉक्टरांना विचारून. मीठ आणि पाण्याचं बंधन तसंच राहतं, हे विसरायचं नाही.

दुसरं कारण आडवं पडून राहणं. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर. शिरूरहून पुण्याला जायचं तर जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर रस्ता, त्यात वाघोलीची कोंडी. दौंडहून रेल्वे आहे, पण जिना आणि गर्दी कुणाला चुकलीय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे डायलिसिसच्या बिलाचा भार हलका होतो, सोबत आलेल्या मुलाचा रोज मात्र बुडतोच. घरी आल्यावर पेशंट गळून पडतो, दुसरा दिवस झोपण्यात जातो, तिसऱ्या दिवशी परत गाडी. पायांनी काम करायचं कधी?

पण हा दुबळेपणा विचारल्याशिवाय कळत नाही. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम 1970च्या दशकापासून, तिथल्या डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून चालत आलंय. तिथे 2007च्या सुमारास आसपासच्या गावांतल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांना तब्येतीविषयी घरोघरी जाऊन विचारलं गेलं. बायकांनी पुरुषांपेक्षा वाईट तब्येत सांगितली. विचारलं म्हणून सांगितलं! डायलिसिसच्या खोलीत बीपी, वजन, हिमोग्लोबिन विचारलं जातं. मोरीत जाताना भिंत धरावी लागते का, हे कोण विचारतं?

दुबळेपणा तपासायला यंत्र लागत नाही. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं; पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांत ताकद उरलेली नाही. चार मीटर नेहमीच्या चालीनं चालायला पाच सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तरी तेच. ही चाचणी डायलिसिसच्या आधी करावी, नंतर बीपी उतरलेलं असतं. शेजारी कुणी उभं असू द्यावं.

निदान वेळेत झालं तर यातलं बरंच मागे फिरवता येतं. मशीनवर पहिल्या दोन तासांत पलंगाला लावलेलं पेडल मारणं कित्येक ठिकाणी चालतं. पेडल नसेल तर घोटे फिरवणं, गुडघा सरळ ताणून धरणं. घरी रोज अंगणापासून गल्लीच्या टोकापर्यंत. छाती दुखणं, चक्कर असेल तर अर्थातच आधी डॉक्टर.

आणि अंथरुणाला खिळलेल्या ऐंशीच्या आजोबांना डायलिसिस सुरू करायचं की नाही? अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतल्या 3702 जणांवरचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरानं पूर्वीइतकं स्वतःचं स्वतः करू शकणारे शंभरात तेराच उरले. ‘मशीन लावलं की उठून बसतील’ असं कुणी सांगितलं, तर हा आकडा पुढे ठेवून डॉक्टरांशी बोलावं, आणि आजोबांना स्वतःला काय हवंय तेही विचारावं. डायलिसिस न करता औषधांवर त्रास आटोक्यात ठेवण्याचा मार्गही असतो. त्याविषयी पुढच्या लेखात.