परसातील कोंबडीचे पाय लुळे पडणे : पारख आणि उपाय

बेलापूर परिसरात प्रवरेच्या दोन्ही काठांवर ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा कुटुंबांच्या अंगणातही पाच-दहा गावरान कोंबड्या असतात. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि त्यातूनच मुलांच्या वह्या, एस.टी.चे भाडे, दवाखान्याची चिठ्ठी असे किरकोळ वाटणारे पण अडून बसणारे खर्च भागतात. म्हणून अशा घरातील एखादी तलंग सकाळी खुराड्यातून बाहेर न येता पाय फाकून बसून राहिली, तर तो केवळ एका पक्ष्याचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी सहसा ती कापून खाल्ली जाते, घाईने बाजारात विकली जाते, अथवा मेल्यावर चारीत फेकली जाते. या तिन्ही मार्गांनी रोग शेजारच्या वस्तीत पोहोचतो.

पाय लुळे पडणे हे अनेक विकारांचे समान लक्षण आहे. त्यामुळे औषधाच्या आधी निरीक्षण हवे. कोंबडीचे वय किती, आजारी एकच आहे की अनेक, पाय एका रात्रीत गेले की आठवड्याभरात, आणि पायांखेरीज आणखी काय बिघडले आहे, या चार प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान असते. पशुधन विकास अधिकारीही प्रथम हेच विचारतात.

आधी साधी कारणे तपासावीत. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीही उठत नाही. तिला आजारी समजू नये. बाजारातून पाय बांधून, सायकलच्या दांडीला उलटी टांगून आणलेल्या कोंबडीच्या पायातील रक्तप्रवाह सुतळीने अडतो आणि ती दोन दिवस लंगडते. (ही पद्धत क्रूर आहेच, शिवाय नुकसानीची आहे.) तळपायाला काळी खपली व सूज असेल, तर ते जखमेतील पू धरणे होय. अंडे आत अडकलेली कोंबडी पोट ताणून, शेपटी खाली पाडून बसते. पिल्लांची बोटे मुठीसारखी आत वळली असतील, तर ती जीवनसत्त्व ब-२ ची उणीव असू शकते. निव्वळ कणी आणि मका यांवर वाढवलेल्या पिल्लांत ती दिसते. वेळीच पाण्यातून जीवनसत्त्वे आणि जोडीला हिरवा पाला दिल्यास ती सुधारतात. उकिरड्यावरील सडलेले मांस वा त्यातील अळ्या खाल्लेल्या कोंबडीचे पाय, मग पंख, शेवटी मान गळते. ती विषबाधा असते.

खुराड्याच्या फटींकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. कोंबड्यांचे गोचीड दिवसा कुडाच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. त्यांच्यामुळे पक्षी पांढुरका पडतो, आणि त्यांनी पसरविलेल्या जंतूंमुळे ताप, हिरवट हगवण व पायांचा लुळेपणा येतो. हा जंतुजन्य रोग पेनिसिलिनला दाद देतो, म्हणून तो ओळखला जाणे मोलाचे. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यातील भेगा पाहिल्या, तर शंका तेथेच फिटते.

आता दोन मोठ्या रोगांकडे वळू. पहिला मरेक्स. १९०७ साली हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी चार कोंबड्यांमधील पायांच्या व पंखांच्या लुळेपणाचे वर्णन केले. त्यांचेच नाव रोगाला मिळाले. हा विषाणू पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला सूज आणतो. साधारण दोन ते पाच महिन्यांच्या तलंगा व कोंबडे त्याला बळी पडतात. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून बसलेला पक्षी ही त्याची प्रसिद्ध खूण. पक्षी शुद्धीवर असतो, समोर ठेवल्यास खातोही, पण आठवड्यागणिक वाळत जातो. पिसांच्या कोंड्यातून विषाणू धुळीत मिसळतो आणि खुराड्यात महिनोन्‌महिने टिकतो. यावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर येताच पहिल्या दिवशी द्यावी लागते. घरी कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळत नाही. म्हणून वनराजा, गिरिराजा यांसारखी पिल्ले विकत घेताना उबवणी केंद्राला ‘मरेक्सची लस झाली आहे का’ हे विचारलेच पाहिजे. लस रोग रोखते, संसर्ग रोखत नाही. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या मोठ्या कोंबड्यांत नवी पिल्ले लगेच मिसळू नयेत.

दुसरा रोग राणीखेत. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, आणि लोकांनी दिलेले हे नाव शास्त्रीय नावापेक्षा अधिक बोलके आहे. हिमालयातील राणीखेत येथे तो १९२० च्या दशकात आढळला, म्हणून ते नाव. येथे पाय एकटे जात नाहीत. श्वासाची घरघर, हिरवी-पांढरी हगवण, गुंगी, पाठोपाठ मृत्यू. जे पक्षी वाचतात, त्यांची मान वाकडी व पाय अधू राहतात. पाच-सहा दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात वा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, पुढे तिची पुनर्मात्रा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन असा सर्वसाधारण क्रम आहे. अडचण अशी की एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात; आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? फोडल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. यावर वस्तीने एकत्र येणे हाच उपाय. सायंकाळी सर्व कोंबड्या खुराड्यात परतल्यावर एका फेरीत साऱ्या गल्लीचे लसीकरण उरकते. आजारी पक्ष्यांना लस देऊ नये.

या दोन्ही विषाणूजन्य रोगांत दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या पाण्यात विरघळवण्याने विषाणूला काहीही होत नाही. तरीही हा खर्च घरोघर होतो.

मरेक्सने अधू झालेल्या पक्ष्याचे काय करावे, हा प्रश्न पंचशील मानणाऱ्या घरांत जड जातो. पक्षी खात-पीत असेल, तर त्याला दूर, स्वतंत्र डालग्याखाली कोरड्या भुशावर ठेवावे. दाणा-पाणी चोचीच्या आवाक्यात ठेवावे आणि दिवसातून काही वेळा कूस बदलावी. मात्र तो जिवंत असेतो कोंड्यातून विषाणू सोडत राहतो. इतर कोंबड्यांच्या जिवाचा विचार करून पुढील निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा.

एक प्रसंग याहून वेगळा आहे. एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, काही पक्षी लटपटून कोसळले, किंवा आसपास कावळे, बगळे मेलेले दिसले, तर बर्ड फ्लूची शंका घ्यावी. देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत हाच रोग निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये या विषाणूने हरियाणातील एका मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला. माणसाला तो क्वचितच होतो, पण मेलेली कोंबडी मुलांच्या हाती देऊ नये, एवढे त्यावरून समजावे.

अशा वेळी पक्षी घेऊन दवाखान्यात जाऊ नये, दवाखान्याला बोलवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळविणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांकही आहे. माहिती दडवण्याची भीती पैशामुळे असते, पण नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नव्हे. उशीर येथे थेट खिशाला लागतो. नमुने पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले जातात.

एखादीच कोंबडी लंगडत असेल, तर तिला हवेशीर खोक्यात घालून जिवंतच दवाखान्यात न्यावे. ती मेली आणि बर्ड फ्लूची शंका नसेल, तर प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, बर्फासह, त्याच दिवशी पोहोचवावे. रात्रभर उकाड्यात पडलेल्या शवातून निदान होत नाही. तपासणीची सोय नसेल, तर विहीर व चारीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. मग खुराड्यातील जुना भुसा जाळावा, भेगा चुन्याने लिंपाव्यात, आणि नवी पिल्ले आणण्यापूर्वी ते काही आठवडे उन्हात रिकामे ठेवावे.