एमसीबी नेमका कधी पडतो?

गोल्फ कार्टचा चार्जर लावला, बटण दाबलं आणि खट्! एमसीबी पडला. वर करून पुन्हा बटण दाबलं, तर चार्जर निमूटपणे घूं घूं करत सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा खट्. चार्जर तोच, बॅटऱ्या त्याच, वायरही तीच. मग हा लहरीपणा येतो कुठून?

आधी हिशेब करू. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये बहुधा ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. चार्ज होताना त्या ५८ व्होल्टच्या आसपास चढतात. चार्जर १५ ॲम्पिअर देत असेल, तर झाले ८७० वॉट. उष्णतेत जाणारी वीज धरली तरी २३० व्होल्टच्या लाइनवरून तो पाचेक ॲम्पिअरच ओढतो. १० ॲम्पिअरच्या एमसीबीला हा भार जडच नाही. तरीही तो पडतो.

कारण त्या चिमुकल्या डबीत दोन पहारेकरी बसलेले असतात, एक सबुरीचा आणि दुसरा शीघ्रकोपी. जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो स्टॉट्झ यांनी शोधलेल्या या जोडगोळीचं पेटंट १९२४ मध्ये घेतलं गेलं. सबुरीचा म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि खटका सुटतो. १० ॲम्पिअरच्या एमसीबीतून ११ ॲम्पिअर गेले तरी ती तासभर दम धरते. साडेचौदा गेले तर मात्र तासाच्या आत सोडतेच. शीघ्रकोपी म्हणजे तारेचं वेटोळं. प्रवाह एकदम उसळला की त्याचं चुंबक होतं आणि काही मिलिसेकंदांत खटका ओढला जातो. ‘बी’ प्रकारात तो तिप्पट ते पाचपट प्रवाहाला चिडतो, ‘सी’ प्रकारात पाचपट ते दहापट.

म्हणून एमसीबी किती वेळाने पडला, हे आधी पाहायचं. अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल तर पट्टी तापली आहे: त्याच लाइनवर पंप किंवा गिझर चालू असेल, नाहीतर एमसीबीचा स्क्रू ढिला होऊन तिथेच उष्णता होत असेल. बॅटरीची पिन जोडल्यावरच पडत असेल तर चार्जरमधला डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. एमसीबी जागेवर आणि गळती पकडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, पडत असेल, तर वीज अर्थिंगकडे गळते आहे. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिॲम्पिअरची गळतीही पुरते. पावसाळ्यात ओल धरलेला चार्जर हे सहज करतो.

आणि बटण दाबताक्षणी, पण कधी कधीच पडत असेल तर? खरी गंमत इथे आहे. जुन्या धाटणीच्या जड चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. आपल्या विजेचा दाब सेकंदात १०० वेळा शून्यावरून जातो. बटण नेमकं दाब शिखरावर असताना दाबलं गेलं, तर लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व शिस्तीत सुरू होतं. शून्यावर दाबलं गेलं, तर पहिल्याच अर्ध्या लहरीत ते नेहमीच्या दुपटीकडे धावतं. गाभ्याची तेवढी ताकद नसते. तो संपृक्त होतो आणि त्या क्षणापुरती गुंडाळी नुसत्या तांब्याच्या तारेसारखी वागते. प्रवाह नेहमीच्या दसपटीवरही उसळू शकतो. त्यात आदल्या वेळी चार्जर बंद केला तेव्हा गाभ्यात उरलेलं चुंबकत्वही भर घालतं, किंवा घट करतं. आपलं बोट लहरीच्या कुठल्या टप्प्यावर पडलं, यावर सगळा खेळ!

हा दोष नाही, भौतिकशास्त्र आहे. अशा वेळी वायरमनकडून लाइन तपासून ‘बी’च्या जागी तेवढ्याच ॲम्पिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी बसवणं पुरतं. प्रत्येक वेळी न चुकता पडत असेल तर मात्र बहुधा आत शॉर्ट आहे. चार्जर घरी उघडू नये. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

एक मोह मात्र टाळावा: १० चा काढून ३२ चा लावण्याचा. एमसीबी चार्जरला वाचवायला नसतोच, तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. मोठा बसवला की दोष तसाच राहतो, फक्त तापायची पाळी वायरवर येते.