प्रस्थानविघ्न आणि हरवलेली पेटी

यवतमाळकरास विमान गांठावयाचें म्हणजे आधीं नागपूर गांठावें लागतें. मुलगी-जांवई बंगळूरास, पुतण्या परदेशीं, अशी आज पुष्कळ कुटुंबांची स्थिति असल्यामुळें ही सुमारें दीडशें किलोमीटरांची वाट वृद्धांनाही परिचयाची झाली आहे. परंतु सोनेगांवच्या तळावर पोंचल्यावर उड्डाण रद्द झाल्याचें कळलें, तर रात्रीच्या वेळीं परत फिरणेंही सोपें नसतें. डिसेंबर २०२५ च्या आरंभीं इंडिगो कंपनीचीं देशभर हजारों उड्डाणें रद्द झालीं. अशा प्रवाशास कायद्याचा आधार किती, हें त्या निमित्तानें पाहणें अगत्याचें आहे.

आधार आहे, पण तो पुरता नाहीं. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणें सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर दुसरें उड्डाण किंवा भाड्याची पूर्ण परतफेड मागतां येते. चोवीस तासांवर गेल्यास निवासाची व्यवस्था कंपनीनें करावयाची. आयत्या वेळीं उड्डाण रद्द झाल्यास प्रवासाच्या कालावधीप्रमाणें पांच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडें व इंधन-आकार, यांतील कमी असेल ती रक्कम मिळते. तिकीट काढतांना आपला संपर्काचा पत्ता नीट दिला नसेल, तर मात्र हा हक्क जातो. म्हणून दलालानें स्वतःचाच दूरध्वनी-क्रमांक लिहिला नाहीं ना, हें पाहून घ्यावें. नुसत्या विलंबाबद्दल रोख भरपाई आपल्या या नियमांत नाहीं. युरोपांत २००४ च्या नियमानें २५० ते ६०० युरो ठरविले, आणि तेथील न्यायालयानें २००९ सालीं तीन तासांच्या विलंबासही तो लाभ दिला. आपल्याकडे तसें केल्यास भाडीं वाढतील, असा आक्षेप येतो. तो अगदींच पोकळ नाहीं. तथापि विलंबाचा सगळा भार प्रवाशानेंच सोसावा, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

खरा वाद आहे तो 'असाधारण परिस्थिति' या शब्दांपाशीं. तिचें कारण सिद्ध झालें कीं कंपनी मोकळी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतही राजा व दैव यांच्यामुळें न घडलेला मालाचा नाश वाहकानें भरून द्यावा, आणि निघण्याच्या वेळीं विघ्न करणाऱ्यानें वेतनाच्या दुप्पट द्यावें, असें सांगितलें आहे. धुकें, वादळ हें दैव खरें. पण वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्यें जाहीर झाले, त्यांचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजीं लागू झाला. त्यासाठीं माणसें पुरीं न पडणें हें दैव कसें?

सामानाची गोष्ट निराळी. देशांतर्गत प्रवासांत पेटी हरवल्यास सामान्यतः वीस हजार रुपयांची मर्यादा आहे. दागिने व कागदपत्रें तींत न घालतां जवळ बाळगणें हेंच बरें. परदेशच्या प्रवासास १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो, व भारत त्यांत २००९ सालीं सामील झाला. पेटी मोडली तर सात दिवसांत, उशीरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार पाहिजे. दावा दोन वर्षांच्या आंत. तळ सोडण्यापूर्वींच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, आणि पेटीची चिठ्ठी फेंकूं नये.

पूर्वीं अशा प्रवाशास कंपनीचें कार्यालय असेल किंवा तक्रारीचें कारण घडलें असेल, तेथेंच ग्राहकमंचाकडे जावें लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ही अडचण दूर केली. २० जुलै २०२० पासून तक्रारदार जेथें राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागतां येते. म्हणजे दिल्लीस रखडलेल्या यवतमाळकराचें प्रकरण यवतमाळांतच चालूं शकतें. भाडें पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं.