परदेशात हॉटेल नको, घरी उतरा

परदेश सहलीचा हिशेब मांडायला बसलं की आधी विमानाचं तिकीट डोळ्यांत भरतं. पण तिकीट एकदाच काढायचं असतं, हॉटेलचं मीटर मात्र रोज रात्री पळतं. पॅरिस किंवा झुरिचसारख्या शहरात दहा दिवस राहायचं म्हटलं, तर खोलीचं भाडं तिकिटाच्याही पुढे जाऊ शकतं. मग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत सगळा बेतच गुंडाळला जातो.

हा खर्च वाचवण्याचा एक मार्ग आहे. तिथल्याच कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून उतरायचं आणि राहण्याचा एक पैसाही द्यायचा नाही. आता तुम्ही विचाराल, ना ओळख ना पाळख, कुणी आपल्याला फुकट का ठेवून घेईल?

युद्धानंतर सुरू झालेला पाहुणचार

१९४९ मध्ये बॉब लुइटवाइलर नावाच्या शांततावादी अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये मित्रांच्या मदतीने एक चळवळ सुरू केली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांच्या घरी राहिली, एकत्र जेवली, तर त्यांच्यातला परकेपणा कमी होईल, असा त्यामागचा साधा विचार. हीच संस्था आज ‘सर्वास’ नावाने ओळखली जाते आणि भारतातही तिचे सदस्य आहेत. इथे आधी तुमची मुलाखत होते, मग ओळखपत्र मिळतं. मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. आपल्याकडे म्हणतातच ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई!

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल, तर विनोबा भावेंचं घ्या. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला पोहोचले. समुद्र तेवढा बोटीने ओलांडला. निघण्यापूर्वी विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पैसे जवळ ठेवू नका आणि शाकाहारी राहा. पैसे असले की माणूस हॉटेल शोधतो. नसले की त्याला कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं, बोलावंच लागतं. आणि शाकाहारी का, असं कुणी विचारलं की तिथूनच गप्पा सुरू होतात. आपण खिसा रिकामा ठेवून निघावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ‘परदेशात आमच्या खाण्याचं काय’ या काळजीचा विनोबांनी केलेला उपयोग मला फार आवडतो.

इंटरनेटने काय बदललं

केसी फेंटन या अमेरिकन तरुणाला आइसलँडचं स्वस्त तिकीट मिळालं, पण राहायची सोय नव्हती. त्याने तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून टाकले आणि त्याला पन्नासहून जास्त आमंत्रणं आली! यातूनच पुढे २००४ मध्ये ‘काउचसर्फिंग’ ही वेबसाइट सुरू झाली. २०२० पासून अनेक देशांतल्या सदस्यांना तिथे शुल्क भरावं लागतं. त्यामुळे बरेच जण ‘बीवेलकम’कडे वळले. ती स्वयंसेवक चालवतात आणि ती पूर्णपणे मोफत आहे. सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी ‘वॉर्मशॉवर्स’ आहे, तर फेसबुकवर ‘होस्ट अ सिस्टर’ हा फक्त महिलांचा गट आहे. मुलाबाळांसह जाणार असाल, तर आधी सर्वासचा विचार करा.

फुकट म्हणजे नेमकं किती

पैसे लागत नाहीत, पण वेळ द्यावा लागतो. यजमान ऑफिसला निघाला की बऱ्याचदा तुम्हालाही बाहेर पडावं लागतं. रात्री दमून आलात तरी दोन शब्द बोलावे लागतात, कारण त्याने तुम्हाला त्यासाठीच तर बोलावलेलं असतं. फक्त झोपायला येणार असाल, तर वसतिगृह बघा, ते जास्त प्रामाणिकपणाचं ठरेल.

काही गोष्टी आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हव्यात. युरोपातल्या बऱ्याच न्हाणीघरांत शॉवरच्या बाहेर पाणी वाहून जायला जाळीच नसते, म्हणून बादलीभर पाणी जमिनीवर ओतू नका. पोहे करून खायला घालायचा बेत चांगलाच आहे, पण कडकडीत फोडणीच्या धुराने घरातला स्मोक अलार्म किंचाळू शकतो. आधी खिडकी उघडा, विचारून घ्या. जाताना अंथरूण आवरा. भेट म्हणून महागडी वस्तू नको, चिक्की किंवा घरचा चिवडा पुरे. त्यात शेंगदाणे असतील तर आधी सांगा, कारण कुणाला त्यांची अॅलर्जी असू शकते.

विनंती पाठवताना एकच मजकूर वीस जणांना चिकटवू नका. समोरच्याची प्रोफाइल वाचा आणि त्याच्याचकडे का राहायचंय ते चार ओळींत लिहा. कितीजण आहात, कधी येणार, कधी जाणार, काय खात नाही हेही सांगा. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवर एकही अभिप्राय नसेल, तर होकार मिळणं कठीण असतं. म्हणून सुरुवात उलट्या बाजूने करा. पुण्यात, इंदूरमध्ये, बडोद्यात, तुम्ही जिथे असाल तिथे आधी यजमान व्हा. घरात खोली नसेल, तर पाहुण्याला शहर दाखवा, चहा पाजा. अभिप्राय त्याचेही मिळतात.

भीड बाजूला ठेवा

२०१५ मध्ये इटलीतल्या पादुआच्या न्यायालयाने काउचसर्फिंगच्या एका यजमानाला दोषी ठरवलं. त्याने घरी उतरलेल्या एका १६ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला होता. तो स्वतः पोलीस दलात होता आणि मुलगी एकटी नव्हती, तिच्यासोबत तिची आई आणि बहीण होती. म्हणजे सोबत कुटुंब आहे किंवा यजमानाची नोकरी प्रतिष्ठेची आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

एकट्या जाणाऱ्या मुलींनी शक्यतो महिला किंवा कुटुंब यजमान निवडावेत आणि आधी राहून गेलेल्या महिलांचे अभिप्राय शोधावेत. नुसते तारे मोजू नका, मजकूर वाचा. आधी व्हिडिओ कॉल करा, पत्ता घरच्यांना पाठवा. अनोळखी घरात कुणी दिलेलं पेय ‘नको’ म्हणायला लाजू नका. आणि एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वेगळे ठेवाच, तेवढ्या पैशांवरच तुम्हाला मध्यरात्रीही त्या घरातून बाहेर पडता येतं. ‘त्यांना काय वाटेल’ या विचाराने आपण थांबतो. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगीच म्हणत नसत.

व्हिसाचं कोडं

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि कुठे राहणार याचा पुरावाही. घरी उतरणार असाल, तर फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून पाहुणचाराचा दाखला काढावा लागतो. जर्मनीत यजमान तुमच्या खर्चाची कायदेशीर हमी देऊ शकतो, पण कधी न भेटलेल्या माणसाकडे एवढं मागायचं तरी कसं? खोटं हॉटेल बुकिंग जोडण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. व्हिसा नाकारला गेला, तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते आड येतं.

त्यामुळे पहिला प्रयोग भारतीयांना व्हिसा लागत नाही किंवा सहज मिळतो अशा देशात करा. नेपाळला तर व्हिसाच लागत नाही. बाकी देशांचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाची वेबसाइट बघा. राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर किंवा वसतिगृहात काम करायच्या योजनाही असतात, पण पर्यटक व्हिसावर असं काम करणं अनेक देशांत बेकायदा आहे.

थायलंडमध्ये परदेशी पाहुणा आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. आपल्याकडेही तसाच नियम आहे. परदेशी पाहुणा तुमच्या घरी मुक्कामाला आला, तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. हॉटेलवाले वर्षानुवर्षं जो ‘फॉर्म सी’ भरत आले, तोच हा प्रकार. पासपोर्टचा आणि व्हिसाचा फोटो त्यासाठी लागतो. तो पाहुणा आल्या आल्या, पहिल्या चहाबरोबरच मागून घ्या. फिरणाऱ्यांना याची सवय असते, त्यांना वाईट वाटत नाही.