दिलेल्या अवयवाची किंमत

अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयांत, ज्यास शहरांतील लोक ‘सुपर स्पेशालिटी’ या नांवानेंच ओळखतात, मूत्रपिंडाचें रोपण होऊं लागलें ही गोष्ट वऱ्हाडच्या दृष्टीनें लहानसहान नव्हे. पूर्वी अशा रोग्यास बहुधा नागपूर किंवा मुंबई गांठावी लागे. आणि त्याच्याबरोबर निघणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी कोणत्याहि बिलांत लिहिली जात नसे.

मूत्रपिंड रक्तांतील मळ व जादा पाणी गाळून बाहेर टाकतें. दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे तें काम यंत्राकडून करवून घ्यावें लागतें. यासच डायलिसिस म्हणतात. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास. तें विनामूल्य मिळालें तरी दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या शेतकऱ्याचा आठवडा त्यांतच संपतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, जेथें मूत्रपिंडाच्या तक्रारींचें खापर लोक विहिरीच्या खारट पाण्यावर फोडतात, हा हिशेब पुष्कळ घरांच्या परिचयाचा आहे.

या फेऱ्यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे रोपण. पण मूत्रपिंड आणावें कोठून? १९९४ च्या कायद्यानें अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला, आणि २०११ च्या दुरुस्तीनें त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड इतकी वाढविली. म्हणजे अवयवास किंमत नाहीं. तो एका देहांतून काढून दुसऱ्या देहांत बसविण्यास मात्र शल्यविशारद लागतात, भूल देणारे लागतात, निर्जंतुक दालन लागतें. फुकट मिळालेली वस्तू इतकी महाग पडावी, हें प्रथमदर्शनीं विचित्रच वाटतें!

जिवंतपणीं अवयव देणारें माणूस बहुधा घरांतलेंच असतें, आणि भारतांत अशा देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक आढळतात. आई देते, पत्नी देते. त्यानंतर तिला कित्येक आठवडे जड काम करतां येत नाहीं, याची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

दुसरा मार्ग मस्तिष्कमृत्यूचा. अपघातानें मेंदूचें मूळच मृत झालेलें असतें; श्वास यंत्र चालवीत असतें आणि हृदयाची धडधड चालू असते. चार डॉक्टरांचें मंडळ निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करतें आणि मगच मृत्यु घोषित होतो. विदर्भांतील अशा अवयवांचें वाटप नागपूरच्या समन्वय केंद्रामार्फत होतें. मूत्रपिंड बाहेर काढल्यावर सुमारें एक दिवस टिकतें, हृदय जेमतेम चार तास. त्यामुळें अमरावती-नागपूर हें सुमारें दीडशें किलोमीटरांचें अंतर येथें फार महत्त्वाचें ठरतें.

त्या वेळीं घरच्यांच्या मनांत एक प्रश्न असतो, जो ते संकोचानें विचारीत नाहींत: होकार दिला तर बिल वाढेल काय? २०१४ च्या नियमांचें उत्तर स्पष्ट आहे. मस्तिष्कमृत्यूनंतर देह जपणें, अवयव काढणें, ते टिकविणें व पोंचविणें यांचा खर्च देणाऱ्या कुटुंबाकडून घेतां येत नाहीं. तो घेणाऱ्यानें, संस्थेनें किंवा सरकारनें सोसावा. तत्पूर्वीच्या उपचारांचें बिल मात्र या नियमानें पुसलें जात नाहीं. तेंहि माफ करावें असें कोणाहि सहृदय माणसास वाटेल. परंतु होकाराच्या बदल्यांत तें माफ झालें, तर दानाचा सौदा होतो आणि जें टाळण्यासाठीं कायदा केला तेंच मागील दारानें आंत येतें. गरिबाचें बिल माफ व्हावें तें गरीब म्हणून, मग त्यानें होकार दिलेला असो वा नकार.

घेणाऱ्याच्या बाजूस सरकारी साहाय्य आहे. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवानें चालते. मूत्रपिंड रोपणाची मर्यादा मुळांत २,५०,००० रुपये होती. ती ४,५०,००० करण्याचा निर्णय २०२३ मध्यें झाला.

शस्त्रक्रियेचा दिवस यानें निभावतो. पुढचीं वर्षें उरतात. परकें मूत्रपिंड शरीरानें नाकारूं नये म्हणून टॅक्रोलिमससारखीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात, आणि तीं परस्पर बंद केलीं तर मिळालेलें मूत्रपिंडहि जातें. कापसाचा पैसा वर्षांतून एकाच हंगामांत हातीं येतो. औषधांचा दर महिन्यास द्यावा लागतो. म्हणून रोपणापूर्वीं डॉक्टरांस शस्त्रक्रियेच्या यशाविषयीं विचारतांना, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं औषधांस महिना किती लागेल, हेंहि त्याच बैठकींत विचारून घ्यावें.