उसने फुप्फुस

२०२१ च्या एप्रिल महिन्यात दिल्लीत प्राणवायूच्या सिलिंडरांसाठी माणसांच्या रांगा लागल्या होत्या, ते दिवस आपण विसरलेलो नाही. करोनाच्या त्या लाटेत ज्यांचा श्वास कोंडला, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. अशा वेळी आप्तांच्या ओठांवर एकच प्रश्न येतो : आई वाचवावी की मूल ? श्रोतेहो, बहुतेक वेळा हा प्रश्नच चुकीचा असतो.

गर्भारपणी वाढते गर्भाशय श्वासपटलास सुमारे चार सेंटिमीटर वर लोटते. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारा हवेचा साठा जवळजवळ एक-पंचमांशाने घटतो आणि प्राणवायूची गरज तितकीच वाढते. शिल्लक कमी आणि खर्च अधिक, असा हा संसार. म्हणूनच इतरांस सोसणारा फ्लू वा न्यूमोनिया तिला पाहतापाहता ग्रासतो. बाळाला वारेतून मिळणारा प्राणवायू आईच्याच रक्तातला. त्यामुळे तिच्या रक्तातील त्याचे प्रमाण शेकडा ९५ च्या खाली जाऊ नये, अशी डॉक्टरांची धडपड असते.

कृत्रिम श्वसनयंत्र हवा आत ढकलते, पण ती रक्तात मिसळण्याचे काम फुप्फुसांनीच करावयाचे असते. फुप्फुसे सुजून द्रवाने भरली, तर वाढत्या दाबाने त्यांना इजाच होते. अशा वेळी उपयोगी पडते ते 'एक्मो' नावाचे यंत्र. मांडीच्या शिरेतून काळसर रक्त जाड नळीने बाहेर येते, पंपाच्या जोराने बारीक पोकळ तंतूंच्या जुडग्यावरून वाहते, तेथे कर्बवायू टाकून प्राणवायू घेते आणि लालभडक होऊन मानेच्या शिरेतून हृदयाकडे परतते. मिनिटाला चार-पाच लिटर रक्ताचा हा फेरा असतो. गर्भवतीला त्याहूनही अधिक लागू शकतो.

हे यंत्र रोग बरा करीत नाही. फुप्फुसांना विसावा व डॉक्टरांना अवधी देते. मूल अपक्व असेल, तर प्रसूतीची घाई न करता गर्भ राखूनही ते चालविता येते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. मात्र आईला रक्तस्रावाचा धोका राहतो. म्हणून प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि यंत्र सांभाळणारे यांना एकाच खाटेभोवती सज्ज राहावे लागते. जगभरच्या नोंदींनुसार अशा दहा मातांपैकी सुमारे सात वाचतात.

परंतु ही सोय निवडक मोठ्या रुग्णालयांतच आहे. आसपासच्या एखाद्या लहान प्रसूतिगृहातून तेथे पोहोचावयाचे, तर रुग्ण प्रवास सोसण्याजोगी असतानाच निघावे लागते. श्वसनयंत्रावर फार दिवस गेल्यावर एक्मोचा लाभ ओसरतो. आणि नेमका विलंब घरापासूनच सुरू होतो. गर्भारपणी थोडी धाप लागतेच. त्यात नोव्हेंबरात दिल्लीवर धुराचे छत्र पसरले, की खोकल्याचे खापरही हवेवर फुटते. पण ताप येऊन धाप वाढली, बोलताना वाक्य तुटू लागले, आडवे होणे अशक्य झाले, तर रात्र काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्याआधीची पायरी सोपी आहे. करोनाची लस गर्भवतींना देण्यास केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अनुमती दिली. फ्लूची लसही त्यांना घेता येते. आईचा श्वास राखला, तर बाळाचाही राखला जातो. निवड करण्याची वेळ मग सहसा येत नाही.