प्रवासातील विलंब आणि परदेशी कर्मचाऱ्याचा वास्तव्य-दर्जा : अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून पदवी घेऊन उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जाणारे आणि पुढे तेथेच नोकरी पत्करणारे विद्यार्थी आज जवळजवळ प्रत्येक विद्याशाखेत आढळतात. त्यांच्यापैकी अनेकांचा रोजगार एच-१बी या व्हिसावर अवलंबून असतो. अमेरिकी शासनाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या वित्तीय वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्या व्यक्तींसाठी होते. आई-वडिलांचे आजारपण, घरातील लग्नकार्य किंवा व्हिसाचे नूतनीकरण अशा कारणाने दोन-तीन आठवड्यांसाठी मायदेशी आलेला कर्मचारी विमान रद्द झाल्याने अथवा वकिलातीची मुलाखत पुढे ढकलली गेल्याने अडकून पडतो, तेव्हा आपला व्हिसा गेला काय, हा प्रश्न त्याला प्रथम भेडसावतो. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. विलंबामुळे नेमकी कोणती मुदत उलटली, यावर ते अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या मुदतींचे स्वरूप व विलंबाचे परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. चार स्वतंत्र मुदती :
एच-१बी कर्मचाऱ्याच्या बाबतीत पुढील चार मुदतींमध्ये भेद करणे आवश्यक ठरते.
अ) पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का : हा केवळ प्रवेशद्वारावर येऊन प्रवेश मागण्याचा परवाना होय. कर्मचारी अमेरिकेत असताना शिक्क्याची मुदत संपली, तरी त्याचे वास्तव्य बेकायदा ठरत नाही.
ब) नियोक्त्याच्या अर्जाची मंजुरी : ती एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी मिळते व त्या विशिष्ट नोकरीशी निगडित असते.
क) आय-९४ ही प्रवेशनोंद : कर्मचाऱ्याने कोणत्या तारखेपर्यंत राहावे, हे या नोंदीवरून ठरते. पारपत्राची मुदत लवकर संपत असल्यास सीमा-अधिकारी ही तारीखही अलीकडची देऊ शकतो.
ड) एकूण वास्तव्याची मर्यादा : ही सर्वसाधारणपणे ६ वर्षांची असते. ग्रीन कार्डची प्रक्रिया पुरेशी पुढे गेलेली असल्यास २००० च्या कायद्यानुसार ती वाढवून मिळते.

२. परतण्यास झालेला विलंब :
देशाबाहेर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेतील वास्तव्य-दर्जा नसतो. दर्जा प्रवेशाच्या वेळी नव्याने मिळतो. त्यामुळे मायदेशी अडकलेला कर्मचारी मुदतीपेक्षा अधिक राहिल्याचा दोषी ठरत नाही. नियोक्त्याच्या अर्जाची मंजुरी, वैध शिक्का आणि नोकरी या तीनही गोष्टी शाबूत असतील, तर तो महिनाभर उशिराही परत जाऊ शकतो.

खरा धोका नोकरीला असतो. कर्मचारी स्वतःच्या वैयक्तिक कारणास्तव कामावर हजर राहू शकत नसेल, तर त्या काळाचे वेतन देण्याचे बंधन एच-१बीच्या नियमांनुसार नियोक्त्यावर नसते. भारतात बसून काम करण्याची मुभा मिळाली, तरी त्या वेतनावर भारतात आयकराचा प्रश्न उद्भवू शकतो. नोकरीच गेली तर परिस्थिती अधिक बिकट होते. अमेरिकेत असताना नोकरी सुटल्यास २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार कमाल ६० दिवसांची सवलत मिळू शकते. बाहेर असलेल्याला तिचा उपयोग नसतो. जुन्या नोकरीच्या आधारे त्याला प्रवेश मागता येत नाही. नव्या नियोक्त्याने अर्ज करावा लागतो. त्यातच २१ सप्टेंबर २०२५ पासून बारा महिन्यांसाठी लागू केलेल्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने, देशाबाहेर असलेल्या व वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क बसविले. अशा वेळी मुलाखतीच्या तारखेतील विलंबाची परिणती रोजगाराचा मार्ग खुंटण्यात होऊ शकते.

३. निघण्यास झालेला विलंब :
अमेरिकेतून बाहेर पडण्यास उशीर झाला, तर कायद्याची दृष्टी बदलते. अर्जाच्या मुदतीनंतर कमाल १० दिवसांची वाढीव मुदत देता येते. परंतु ती आय-९४ वर नोंदलेली असेल तरच ग्राह्य धरली जाते. आय-९४ ची तारीख उलटल्यानंतर बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागतात. असे वास्तव्य सलग १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडणाऱ्यास ३ वर्षे, आणि १ वर्ष वा अधिक झाल्यास १० वर्षे प्रवेशबंदी होते. ही तरतूद १९९६ च्या कायद्याने आली. शिवाय मुदतीपेक्षा एक दिवस अधिक राहिल्यासही पारपत्रावरील शिक्का रद्द ठरू शकतो.

मुदत संपण्यापूर्वी नियोक्त्याने वाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय प्रलंबित असताना २४० दिवसांपर्यंत त्याच नियोक्त्याकडे काम करता येते. अर्ज उशिरा झाला आणि तो विलंब आटोक्याबाहेरील असाधारण परिस्थितीमुळे घडला असेल, तर तो माफ करण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. एप्रिल २०२० मध्ये कोविड साथीचा समावेश अशा परिस्थितीत होऊ शकतो, असे अमेरिकी प्रशासनाने जाहीर केले होते. मात्र ही माफी हक्क म्हणून मागता येत नाही.

४. सहा वर्षांच्या मर्यादेवरील परिणाम :
देशाबाहेर घालवलेले २४ तासांचे पूर्ण दिवस सहा वर्षांच्या हिशेबातून वगळून मागता येतात. प्रवास खासगी होता की कार्यालयीन, याने फरक पडत नाही. म्हणजे तीन महिने अडकलेल्या कर्मचाऱ्याचे तेवढे दिवस वाया जात नाहीत. परंतु ते आपोआप मिळत नाहीत. नियोक्त्याने पुराव्यासह मागणी करावी लागते. त्यामुळे विमानाची तिकिटे, पारपत्रावरील नोंदी आणि आय-९४ चा इतिहास जपून ठेवणे हिताचे असते.

५. अलीकडील अनुभव :
मार्च २०२० मध्ये अमेरिकी वकिलातींनी नियमित व्हिसासेवा थांबविली आणि त्याच महिन्यात भारतानेही नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा स्थगित केली. जून २०२० च्या घोषणेने एच-१बीच्या नव्या प्रवेशांना अटकाव केला. तो ३१ मार्च २०२१ पर्यंत राहिला. २०२४ च्या प्रारंभी अमेरिकेतच शिक्का नूतनीकरणाचा मर्यादित प्रयोग झाला. त्यात २०,००० पर्यंत अर्जदारांना वाव होता. याउलट १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू झाल्यावर भारतातील अनेक मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. नाताळच्या सुट्टीपुरते आलेले कर्मचारी येथे आणि त्यांची घरे, क्वचित कुटुंबीयही, तेथे अशी ताटातूट झाली.

समारोप :
कायदा प्रथम तारखा पाहतो. विलंबाच्या कारणाचा विचार प्रशासनाच्या विवेकाधिकारात होतो. देशाबाहेरील विलंबाने दर्जाचा भंग होत नाही, पण नोकरी धोक्यात येते. देशातील विलंबाने दर्जाच धोक्यात येतो. म्हणून शिक्क्याची मुदत संपलेल्या कर्मचाऱ्याने मायदेशी निघण्यापूर्वी चारही मुदती तपासणे व दीर्घ अनुपस्थितीबाबत नियोक्त्याची लेखी संमती घेणे इष्ट ठरते. विद्यार्थ्यांना परदेशातील संधींची माहिती देताना प्राध्यापकांनी या मुदतींची ओळखही करून दिली, तर ऐनवेळी ओढवणारे काही प्रसंग तरी टाळता येतील.